यानाच्या पोटातला डॉक्टर

सॅन फ्रान्सिस्कोहून १०१ नंबरच्या हमरस्त्यानं दक्षिणेला निघालं, की माउंटन व्ह्यूजवळ डाव्या हाताला एक अजस्र शेड दिसते. हा हँगर वन. लांबी ३४५ मीटर! १९३३ मध्ये इथे ‘मेकन’ नावाचं प्रचंड एअरशिप मुक्कामाला आलं. १९३५ मध्ये ते समुद्रात कोसळलं. शेड मात्र उरली. येणारेजाणारे तिच्याकडेच बघतात. शेजारच्या साध्यासुध्या इमारतींकडे कोण बघतो? पण दोस्तांनो, खरी गंमत तिथेच आहे. ही ‘नासा’ची एम्स संशोधन संस्था.

इथे ब्रायन विल्यम्स आणि पांडुरंग नायक (नाव ओळखीचं वाटलं ना?) यांनी १९९० नंतर ‘लिव्हिंगस्टन’ नावाचा प्रोग्रॅम तयार केला. डेव्हिड लिव्हिंगस्टन हा आफ्रिकेत भटकलेला संशोधक, शिवाय डॉक्टर. प्रोग्रॅमचं कामही तसंच : दूरच्या प्रवासात यानाची प्रकृती सांभाळायची.

पण यंत्राला यंत्राचं दुखणं कळणार कसं? घरातला टॉर्च लागत नाही तेव्हा तुम्ही बटण खटखटवता, सेल बदलता, बल्ब पिरगाळून बघता. कारण यातला कुठला भाग कशासाठी आहे आणि बिघडला तर कसा वागेल, हे तुम्हाला ठाऊक असतं. लिव्हिंगस्टनला नेमकं हेच लिहून दिलं होतं. झडपच घ्या. ती उघडी असेल, बंद असेल, उघडी राहून अडकली असेल किंवा बंद होऊन अडकली असेल. उघडी असली तरच इंधन पुढे जाणार. असा एकेका भागाचा स्वभाव सांगून ठेवायचा. दुखणं कुठलं, हा तर्क त्यानं स्वतः करायचा.

परीक्षा झाली मे १९९९ मध्ये, ‘डीप स्पेस-१’ यानावर. यान कोट्यवधी किलोमीटर दूर; पृथ्वीचा निरोप पोचायलाच कित्येक मिनिटं! शास्त्रज्ञांनी मुद्दाम खोटे बिघाड घडवले. एका सेन्सरनं चक्क थाप मारली. पठ्ठ्यानं ओळखलं, की बाकी सगळं ठीक आहे, हा सेन्सरच खोटं बोलतोय! यान वळवणारं एक छोटं इंजिन ‘बंद पडलं’, तर त्याच्यावाचून भागेल अशी दुसरी पद्धत वापरली गेली.

मधेच एक खराखुरा घोटाळाही झाला बरं का. लिव्हिंगस्टन ज्याचा भाग होता तो मोठा प्रोग्रॅम, ‘रिमोट एजंट’, स्वतःच अडला. त्याची दोन कामं एकमेकांची वाट बघत बसली होती. हे दुखणं मात्र पृथ्वीवरच्या माणसांनीच शोधलं. मग २१ मेला उरलेली परीक्षा पार पडली.