धुराचा पत्ता

गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली, की लखनौच्या अलीगंजमधील त्या घरात चहाचे आधण चढत असे. डिझेल इंजिनाचा तो खडखडाट गृहिणीच्या इतका ओळखीचा झाला होता, की दहा गाड्यांतूनही तिला आपली गाडी ऐकू येई. घरधनी म्हणजे संगीताचे निवृत्त शिक्षक. गल्लीत त्यांना ‘मास्टरसाहब’ म्हणत, घरच्या मराठीत ते ‘मास्तर’ होते. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने 1926 साली लखनौत मॅरिस कॉलेज निघाले. त्या विद्येच्या ओढीने जी मराठी माणसे या शहरात आली आणि येथलीच झाली, त्यांत मास्तरांचे आजोबा होते. शिष्याच्या तंबोऱ्यातला किंचित उतरलेला षड्ज ज्यांना सहन होत नसे, त्यांनी हा खडखडाट बारा वर्षे कसा सोसला, याचे उत्तर मात्र संगीतशास्त्रात सापडत नाही.

ते अर्थशास्त्रात आहे. गाडी घेतली 2012 साली. त्या काळी डिझेलची किंमत सरकार ठरवीत असे आणि ते पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त मिळे. मालमोटारी, शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आणि पाण्याचे पंप यांच्यासाठी दिलेली ती सवलत मध्यमवर्गाने आपल्या मोटारीच्या टाकीत निमूटपणे भरून घेतली. ऑक्टोबर 2014 मध्ये नियंत्रण उठले, पण तोवर सवय जडली होती. ज्या वर्षी मास्तरांनी गाडी घेतली, त्याच वर्षीच्या जून महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराची गणना कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या वर्गात केली. ही वार्ता मास्तरांच्या कानी आली नाही. आली असती तरी त्यांनी गाडी घेतलीच असती, हे येथे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. अंगणात चार चाके असणे याला तेव्हा धुरापेक्षा अधिक वजन होते.

वजन फिरले ते पत्नीच्या दम्यामुळे. लखनौचा हिवाळा दिसायला देखणा, श्वासाला मात्र कठीण. थंड हवा जमिनीलगत बसते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण पडते आणि दिवसभराचा धूर त्याखाली कोंडून राहतो. याच शहरात विषविज्ञानाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. 1965 साली स्थापन झालेली ही संस्था पावसाळ्याच्या आधी आणि नंतर शहराची हवा आणि गोंगाट दोन्ही मोजते. सूक्ष्म धूलिकणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम, हा आकडा मास्तरांना पुढे एखाद्या रागाच्या वादी स्वरासारखा पाठ झाला. एका डिसेंबरच्या पहाटे त्यांनी गाडी अंगणातच तापवत ठेवली असता आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. त्यांनी इंजिन बंद केले, तरी खोकला बराच वेळ थांबला नाही.

2024 साली विजेची मोटार आली. गल्लीला तिचे नवल नव्हते, कारण या शहरात वीज रस्त्यावर उतरली ती वरून नव्हे, खालून. मोटारवाल्यांचा विचार चालू असतानाच ई-रिक्षावाल्यांनी, जड शिशाच्या बॅटऱ्या आसनाखाली घालून, एक्क्याची आणि टांग्याची जागा घेतली होती. मास्तरांच्या गल्लीतला रिक्षावाला त्यांना चार्जिंगबद्दल वडीलकीने सल्ले देई आणि मास्तर ते शिष्यभावाने ऐकत.

जुनी गाडी सीतापूरच्या एका गृहस्थांनी घेतली. भाड्याने चालवण्यासाठी. व्यवहार पुरा झाल्याच्या संध्याकाळी पत्नी सहज म्हणाली, “अहो, आपल्या दारातला धूर गेला. पण गेला कुठे?”

हा प्रश्न लखनौला विचारण्याचा अधिकार इतर शहरांपेक्षा अधिक आहे. शहराच्या सरोजिनीनगर भागात स्कूटर्स इंडिया हा सरकारी कारखाना होता. इटलीतील लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री विकत घेऊन तो उभा राहिला आणि त्याने ‘विक्रम’ नावाची तीनचाकी देशभर पोहोचवली. हा डिझेलचा विक्रम काठमांडूतही गेला आणि तेथील खोऱ्याचा श्वास त्याने कोंडला. 1993 साली त्या शहरात एका विक्रमचे इंजिन काढून विजेची मोटर बसवण्याचा प्रयोग झाला. त्यातून ‘सफा टेम्पो’ निघाला, आणि पुढे तो चालवणाऱ्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय राहिली. 1999 साली काठमांडूच्या खोऱ्यात डिझेलच्या विक्रमला बंदी झाली. लखनौने पाठवलेला धूर नेपाळने असा परत केला. स्कूटर्स इंडिया बंद करण्याचा निर्णय 2021 मध्ये झाला, आणि त्याच कारखान्याच्या जागेवर विजेच्या बसगाड्यांचा कारखाना काढण्याचे काम 2024 साली सुरू झाले.

तथापि नेपाळची वीज मुख्यत्वे नद्यांच्या पाण्यातून येते. मास्तरांच्या गाडीची वीज येते, तिचा मोठा वाटा कोळशाचा. राज्याच्या आग्नेय टोकाला सोनभद्र जिल्हा आहे. तेथे ओबरा आणि अनपारा येथे औष्णिक केंद्रे आहेत, आणि राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाच्या पहिल्या केंद्राचा पहिला संच 1982 साली तेथेच, शक्तिनगरला चालू झाला. रिहंद धरणाने गावे बुडाली, त्यानंतर काठावर धुराडी उठली आणि राखेचे तलाव साचले. अलीगंजच्या गल्लीत न दिसणारा धूर तेथल्या माणसांना दिसतो. डिझेल इंजिन इंधनातील जवळजवळ दोन तृतीयांश शक्ती उष्णतेत उधळते, विजेची मोटर फारच थोडी उधळते, हा हिशेब खरा आहे आणि तो विजेच्याच बाजूचा आहे. पण राखेच्या तलावाकाठी राहणाऱ्याला तो ऐकवण्याचे धाष्टर्य मास्तरांना झाले नसते.

पत्नीचा खोकला त्या हिवाळ्यात कमी झाला. गाडी गेल्यामुळे की औषध बदलल्यामुळे, हे वैद्यानेही सांगितले नाही. गाडी गल्लीत कधी शिरते ते आता कळत नाही, म्हणून मास्तर फाटकाशी येऊन घंटा वाजवतात.

जानेवारीत एका सकाळी सीतापूरहून दूरध्वनी आला. गाडी थंडीत सुरू होत नाही, काय करावे? मास्तरांनी चष्मा काढून ठेवला आणि सावकाश सांगितले, किल्ली अर्धी फिरवा, पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा, घाई करू नका, मग पूर्ण फिरवा. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. नंतर तो ओळखीचा खडखडाट सुरू झाला, आणि दूरध्वनीतूनही पत्नीने तो स्वयंपाकघरात ऐकला.