निळ्या काठाची साडी



मदर तेरेसांचा फोटो तुम्ही पाहिला असेलच. सुरकुतलेला चेहरा, जोडलेले हात आणि डोक्यावरून घेतलेली पांढरी, निळ्या काठाची साडी. ही साडी कोण विणतं, ठाऊक आहे? मलाही ठाऊक नव्हतं. ते कळलं कोलकात्याला गेल्यावर. पण त्याआधी तुमच्याजवळ एक गोष्ट कबूल करायची आहे.

संक्रांतीला माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीने तिळाचे लाडू आणले. सगळ्यांनी हात पुढे केले. तेवढ्यात कुणीतरी कुजबुजलं, "तिच्या आजोबांनी वळलेत ते!" आजोबांना पूर्वी कुष्ठरोग झाला होता. औषधांनी ते बरे झाले, बोटं मात्र वाकडी राहिली. झालं! पुढे आलेले हात मागे गेले. मी मुलांना रागावले, चांगलं दहा मिनिटं भाषण दिलं. आणि माझा लाडू? तो कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. खाल्ला नाही. ती मुलगी माझ्याकडेच बघत होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कोलकात्याला निघाले. वर्गातल्या मुलांनी खाऊच्या पैशांतून साठवलेले ३१२ रुपये माझ्याजवळ दिले होते, मदर तेरेसांच्या सिस्टर्सना देण्यासाठी. संध्याकाळी नागपूरला गीतांजली एक्स्प्रेसमध्ये बसले, ती दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला उतरले.

आचार्य जगदीशचंद्र बोस मार्गावर 'मदर हाउस' आहे. बाहेर रहदारीचा गोंगाट, आत शांतता. मदर तेरेसांची समाधी इथेच आहे, अगदी साधी. त्या मूळच्या युरोपातल्या, स्कोप्ये गावच्या. १९२९ साली भारतात आल्या आणि कोलकात्याच्या शाळेत शिकवू लागल्या. म्हणजे त्याही आमच्यासारख्या बाईच की! पण शाळेच्या भिंतीपलीकडची मोतीझील झोपडपट्टी त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४८ साली त्यांनी कॉन्व्हेंट सोडलं, बाजारातली स्वस्त साडी नेसली आणि मोतीझीलमध्ये शाळा सुरू केली. फळा नव्हता. काठीने जमिनीवर अक्षरं काढली. १९५० साली त्यांचा 'मिशनरीज ऑफ चॅरिटी' हा संघ स्थापन झाला. या सिस्टर्स गरिबांसाठी काम करतात आणि स्वतःही गरिबीतच राहतात. प्रत्येकीजवळ साड्या मोजून तीन, आणि त्या धुवायला एक बादली!

मी पाकीट पुढे केलं. सिस्टरांनी पावती लिहिली, मुलांची चौकशी केली. मी त्यांना लाडवाची गोष्ट सांगून टाकली. का कोण जाणे! त्या रागावल्या नाहीत. आपल्या साडीचा पदर पुढे करून हिंदीत म्हणाल्या, "हे कापड कुठे विणलं जातं ते बघून या." आणि एक चिठ्ठी लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी सियालदहहून लोकल पकडली. दमदम, सोदपूर, खडदह अशी स्टेशनं मागे पडली आणि टिटागढ आलं. हा तागाच्या गिरण्यांचा भाग. इथे रेल्वेच्या रुळांना लागूनच 'गांधीजी प्रेम निवास' नावाची कुष्ठरोग्यांची वसाहत आहे. मदर तेरेसांनी सुरू केलेलं हे काम आता त्यांच्याच संघाचे ब्रदर्स सांभाळतात. नाव वाचून मला आपलं वर्ध्याजवळचं सेवाग्राम आठवलं. तिथे गांधीजींनी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची स्वतःच्या हातांनी सेवा केली होती.

आत शिरताच आवाज आला, खटक्-खट्, खटक्-खट्! हातमागांची लांबच लांब रांग. मागावर पांढरं कापड, काठाला निळे पट्टे. विणणारे कोण? ज्यांना कधी काळी या रोगापायी घरातून बाहेर पडावं लागलं, ती माणसं. सिस्टर्सच्या साड्या इथेच विणल्या जातात. जगात कुठेही निळ्या काठाची ती साडी दिसली की समजा, ती या हातांची आहे.

मी थबकले. मला वाटत होतं, सिस्टर्स देतात आणि गरीब घेतात. इथे तर सिस्टर्सच्या अंगावरचं वस्त्र या माणसांनी दिलेलं होतं!

एका म्हाताऱ्या विणकराने मला बसायला स्टूल दिलं. त्याच्या उजव्या हाताची बोटं अर्धीच उरली होती, पण धोटा कसा सरसर पळत होता! थोड्या वेळाने तो आतून चहा घेऊन आला. दोन्ही तळव्यांत कप धरून त्याने माझ्यापुढे केला. मला काय आठवलं असेल, सांगायला नकोच. मी कप घेतला आणि चहा प्यायले. आलं घातलेला, गोड चहा होता.

मुलांनो, कुष्ठरोग शाप नाही. तो एका जंतूमुळे होतो. नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी १८७३ सालीच तो शोधला. हा रोग सहजासहजी पसरत नाही, आणि औषधं सुरू झाली की लवकरच दुसऱ्याला लागण्याची भीती उरत नाही. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. वाकडी बोटं म्हणजे जुन्या जखमेचा वण, बस्स. हे सारं मी वर्गात शिकवलंही होतं. पाठ होतं, पण पचलं नव्हतं.

निघताना त्या आजोबांनी निळ्या धाग्याचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. शाळा सुरू झाल्यावर तो मी वर्गात दाखवला. टिटागढची गोष्ट सांगितली आणि पर्समधल्या लाडवाचीही. वर्ग एकदम गप्प झाला.

पुढच्या संक्रांतीला मी त्या मुलीच्या घरी गेले. आजोबा ओट्यावर बसले होते. म्हटलं, "आजोबा, गेल्या वर्षीचा लाडू राहिलाय माझा." ते हसले आणि आत हाक मारून म्हणाले, "अगं, बाईंना दोन दे!"

मी दोन्ही तिथेच बसून खाल्ले.