किती चालली गाडी?

आमच्या अमरावती-अकोल्याकडे कुणी जुनी गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला. "किती चालली भाऊ?" मॉडेल, अ‍ॅव्हरेज, कागदपत्रं सगळं नंतर. उत्तरही ठरलेलंच. "चाळीस-पंचेचाळीस हजार. डॉक्टरची गाडी हाये, घर ते दवाखाना." डॉक्टरांच्या इतक्या गाड्या विकायला असतात की वर्‍हाडातले समस्त डॉक्टर आता सायकलवर फिरत असावेत अशी मला शंका आहे.

गमतीचा भाग सोडा. मीटरवरच्या या एका आकड्यावर व्यवहाराची अख्खी किंमत ठरते. आणि हा आकडा किती भरवशाचा असतो? पूर्वीच्या गाड्यांत गिअरबॉक्समधून एक केबल यायची आणि आकड्यांची चाकं फिरवायची. ती मागे फिरवायला हात काळे करावे लागायचे. आता तोच आकडा डॅशबोर्डमागच्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये असतो आणि लॅपटॉपवाला माणूस तो बदलू शकतो. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेस विकणार्‍याच्या घरात, राइट अ‍ॅक्सेस त्याच्याकडे आणि ऑडिट लॉग कुठेच नाही. अशी सिस्टीम ऑफिसात कुणी डिझाइन केली तर रिव्ह्यूमध्ये त्याचं काय होईल ते तुम्हाला माहीत आहे!

हा विषय माझ्या डोक्यात आला तो मामामुळे. मामा मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात असतो. आजीचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा अकोल्याला जायचं. एसटीने जाणं तिला झेपेना आणि दर वेळी भाड्याची गाडी मामाला झेपेना. तूर विकली, थोडे पैसे बाजूला होते, सेकंडहॅंड गाडी बघायची ठरली. मला पुण्याला फोन आला, "तू कम्प्युटरवाला हायेस, तूच पाय बावा."

शनिवारी अमरावतीत एका डीलरकडे गेलो. २०१८ ची डिझेल गाडी, एमएच १२ पासिंग म्हणजे पुण्याची, मीटरवर ४६,०००. चकाचक पॉलिश, नवीन सीट कव्हर. मी आपला टायर वगैरे बघत होतो. तेवढ्यात मामाने ड्रायव्हरचा दरवाजा उघडला आणि खाली वाकून म्हणाला, "हे काय लिहिलं हाये बे?" दरवाजाच्या चौकटीवर ऑइल बदलल्याचं जुनं स्टिकर होतं. पुढची सर्व्हिस, ९०,००० किमी.

डीलर म्हणाला, "ते दुसर्‍या गाडीचं स्टिकर असन."

आता स्टिकर म्हणजे काही पुरावा नाही. म्हणून आम्ही एवढंच म्हटलं की मूळ मालकाकडून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं रेकॉर्ड मागवून द्या, लगेच टोकन देतो. आधी मालक बाहेरगावी होता, मग त्याचा फोन लागत नव्हता, मग दुसरं गिर्‍हाईक तयार होतं. रेकॉर्ड काही आलं नाही. आम्ही गाडी सोडली.

कुणी म्हणेल, चाळीस हजार काय अन् नव्वद हजार काय, चालते ना? फरक पडतो. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो तिथे तो ठरावीक किलोमीटरनंतर बदलायचा असतो. मीटर खोटं असेल तर तुम्ही निवांत असता आणि बेल्ट एक दिवस हायवेवर तुटतो. बर्‍याच इंजिनांमध्ये मग पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि इंजिन उघडावं लागतं. क्लच, सस्पेन्शन, ब्रेक, सगळ्यांचं वेळापत्रक त्याच आकड्यावर चालतं. आणि आजीचं डायलिसिस काही "उद्या बघू" म्हणता येण्यासारखं नसतं.

मग करायचं काय? मीटरला एकटा साक्षीदार मानायचं नाही, बाकीच्यांना बोलवायचं. सर्व्हिस सेंटरच्या प्रत्येक जॉब कार्डवर त्या दिवशीचे किलोमीटर लिहिलेले असतात, हा पहिला साक्षीदार. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, ते दुसरे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटरवर वीस हजार आणि चारही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी तरुण असतील तर विचारा, काहून बदलले? सीट कव्हर नवीन टाकतात, पण क्लच-ब्रेकच्या पेडलवरचं रबर बघायचं विसरतात. तेही नवंकोरं असेल तर जास्तच शंका घ्या. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हा मालक तयार असेल तर त्याचं स्टेटमेंट बघा. "घर ते दवाखाना" गाडी आठवड्यातून चार वेळा टोलनाक्यावर काय करत होती ते कळेल.

थोडा आमच्या जातीचा उपायही सांगतो. ओबीडी स्कॅनर लावला की बर्‍याच गाड्या "एरर कोड पुसल्यापासून किती किलोमीटर चालली" हे सांगतात. हा आकडा १६ बिटचा असतो, म्हणजे ६५,५३५ पर्यंतच मोजतो. तो मीटरपेक्षा मोठा निघाला तर चोर सापडला! मात्र लहान निघाला म्हणून गाडी निर्दोष ठरत नाही.

आणि साधा गुणाकार करा. अमरावती-अकोला अंतर धरा ९५ किमी. रोज अप-डाउन करणार्‍याची गाडी वर्षाचे २५० दिवस धरले तरी ४७,५०० किमी चालते. राजकमल चौकात भाजी आणायला जाणारी गाडी तीन हजारही चालत नाही. म्हणून गाडीचं वय विचारण्याआधी मालक काय करतो ते विचारा.

परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर नंबर टाकला की गाडी कितव्या मालकाकडे आहे, कर्ज आहे का, विमा कधीपर्यंत आहे, हे दिसतं. किलोमीटर दिसत नाहीत. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि ताब्यातल्या गाडीच्या फेर्‍यांची नोंद किलोमीटरसकट ठेवावी लागते. पाऊल चांगलं आहे, पण त्या नोंदीत गाडी डीलरकडे आल्यानंतरचंच कळतं. त्याआधीची पाच वर्षं कोण सांगणार?

माझ्या बॅचचे बरेच जण अमेरिकेत आहेत. तिथे उतरल्यावर पहिल्या महिन्यात जुनी कॅमरी नाहीतर सिव्हिक घेतात. त्यांना वाटतं, तिकडे असलं काही नसतं. असतं राजेहो! तिथल्याच रस्तासुरक्षा खात्याचा अंदाज आहे की दरवर्षी साडेचार लाखांहून जास्त गाड्या खोट्या मीटरने विकल्या जातात. फरक एवढाच की १९७२ पासून तिथे त्याविरुद्ध खास केंद्रीय कायदा आहे. मालकी बदलताना विकणार्‍याला मीटरचा आकडा लिहून सही करावी लागते आणि २०११ व त्यानंतरच्या मॉडेलना ही अट वीस वर्षं लागू असते. तेव्हा मित्रांनो, टायटलवरचा आकडा वाचल्याशिवाय चेक फाडू नका. ब्रिटनमध्ये तर वार्षिक तपासणीच्या वेळचं मीटर नंबर प्लेट टाकून कुणालाही फुकट बघता येतं. बेल्जियमने २००६ पासून कार-पास नावाचा कागदच काढला, गाडीच्या किलोमीटरची जन्मपत्रिका म्हणा ना. जुनी गाडी विकताना तो द्यावाच लागतो.

यात कुठलंही रॉकेट सायन्स नाही. नोंद वेळोवेळी, तिसर्‍या माणसाने, विकणार्‍याच्या हाताबाहेर ठेवायची, बस्स. आपल्याला हे जमत नाही असंही नाही. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किमी डांबरी पट्टा टाकला आणि गिनीजमध्ये नोंद झाली. तिथला किलोमीटर न् किलोमीटर मोजला गेला. त्याच रस्त्यावर धावणार्‍या गाडीचे किलोमीटर मात्र डीलर सांगेल ते!

पण खरं सांगू का, यात थोडा हात आपलाही आहे. १,१०,००० म्हटलं की आपण गाडीकडे बघतही नाही, ४०,००० म्हटलं की बोनेट न उघडता टोकन देतो. खोट्याला भाव आपणच दिलाय. मामाने शेवटी एका शिक्षकाची १,१२,००० चाललेली गाडी घेतली. मीटर बघून सगळे नाकं मुरडत होते, पण सोबत पहिल्या दिवसापासूनच्या बिलांची जाड फाइल होती. किंमत कमी पडली, उरलेल्या पैशांत बेल्ट आणि ब्रेक पॅड नवीन टाकले.

एक शेवटचं. व्यवहार झाला की फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी लगेच नावावर करून घ्या, दुसर्‍या आरटीओची असेल तर एनओसी आधी मागा. आणि मीटरचा फोटो काढून ठेवा, तारखेसकट. पुढे तुम्हीही ती कुणाला तरी विकणारच आहात.