गोठ्यातली चेतक

वाचकहो, चाकणच्या शनिवारच्या बाजाराला आपण जातो ते कांद्याचा भाव पाहायला, नाही तर बैल बघायला. मी कांदा घेऊन गेलो आणि परतलो तो एका बंद स्कूटरचा सौदा करून! घरची मंडळी काय बोलली ते इथे लिहीत नाही.

झाले असे, की चहाच्या टपरीवर शेजारी बसलेला एक तरुण कुणाला तरी सांगत होता, "वडलांची चेतक गोठ्यात पडलीय, भंगारवाला सोमवारी नेणार आहे." मी चहा तसाच ठेवला आणि त्याच्याबरोबर निघालो.

त्यांचे घर म्हाळुंग्याच्या बाजूला. चाकणहून तळेगावकडे जाणारा हा रस्ता तुमच्यापैकी कित्येकांनी बैलगाडीने तुडवला असेल. आता तिथे कंटेनरांच्या रांगेत सायकलही शिरत नाही. दोन्ही अंगांना कारखान्यांच्या भिंती, आणि मध्येच कुठे तरी कांद्याचे हिरवे वाफे चुकल्यासारखे उभे. बजाज कंपनीचा मोटारसायकलींचा कारखाना चाकणला १९९९ मध्ये सुरू झाला, पाठोपाठ इतर आले. ह्या घरची जमीनही कारखान्यांच्या पट्ट्यात गेली. गोठा तेवढा राहिला. त्यात जनावर एकही नाही. जुना कडबा, कोंबड्यांची खुराडी, आणि कडब्याखाली ती गाडी.

ओट्यावर बसलेले म्हातारे बाबा आधी काही बोललेच नाहीत. मी गाडीवरचा कडबा काढू लागलो तसे म्हणाले, "हळू. हँडलला लागंल."

मग हळूहळू हकिगत निघाली. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर बजाजची व्हेस्पा स्कूटर निघू लागली ती १९६० च्या सुमारास. तो करार संपल्यावर कंपनीने १९७२ मध्ये स्वतःच्या नावाची गाडी काढली, ती ही चेतक. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव. त्या काळी किती गाड्या बनवायच्या हेही सरकारच्या परवान्यावर ठरे, त्यामुळे लोकांना वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. "नंबर लावला तवा थोरली पाळण्यात व्हती," बाबा म्हणाले, "गाडी आली तवा ती तिसरीत." नंतर दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या बांधून पहाटे इंद्रायणी ओलांडायची, तळवड्यावरून निगडी-आकुर्डीच्या कामगार वसाहतींत रतीब घालायचा. ज्या आकुर्डीत गाडी जन्मली, तिथेच ती रोज दूध घेऊन जाई. त्या दुधावर तीन मुलांची शिक्षणे झाली. पुढे बाबांचा पाय अधू झाला आणि गाडी जी गोठ्यात लागली ती लागलीच.

भंगारवाल्यापेक्षा दुप्पट पैसे मी कबूल केले. बाबांची अट एकच. "चालू झाली की एकदा दारात आण."

आता तुम्हांपैकी कुणाला असा नाद करायचा असेल तर माझी पहिली चूक ऐका. मी आधी इंजिन पाहिले, कागद नंतर. जमीन घेताना आपण सातबारा आधी बघतो ना? तसेच हे. आरसी पुस्तक आहे का, त्यावरचा चेसिस आणि इंजिनाचा नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का, हे पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. ती संपली की दर पाच वर्षांनी गाडी तपासून घेऊन नूतनीकरण, वर पर्यावरण कर. नाव बदलायचे तर नमुना २९ आणि ३० वर मूळ मालकाची सही लागते. मालक हयात नसेल तर वारसांचे कागद गोळा करता करता नाकी नऊ येतात. बाबांचे वय ऐंशीच्या पुढे. मला खरी घाई लागली ती तेव्हा. नशिबाने पुस्तक देवघरातल्या ट्रंकेत पंचांगाखाली निघाले, आणि बाबांनी थरथरत्या हाताने सही केली. एकेका अक्षराला थांबत.

गाडी टेम्पोत घालून आकुर्डीच्या एका बोळातल्या मिस्त्रीकडे नेली. हा गृहस्थ मराठवाड्यातून तरुणपणी इकडे कामाला आलेला, निवृत्तीनंतर जुन्या स्कूटरींवरच जगतो. मी किक मारायला पाय उचलला तसा ओरडला, "मोडाल!" दट्ट्या सिलिंडरमध्ये गंजून बसला असेल तर जोर लावल्याने नुकसानच होते. त्याने प्लग काढून भोकातून डिझेल आणि ऑइल ओतले आणि तीन दिवस गाडी तशीच ठेवली. चौथ्या दिवशी चुंबकाच्या चाकाचा नट पान्याने हलकेच मागे-पुढे केला. काही नाही. आणखी दोन दिवस. ह्याच चाकणचा भुईकोट फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये शायिस्तेखानाच्या फौजेपुढे पन्नासहून जास्त दिवस झुंजवला होता. आमचे इंजिन सहाव्या दिवशी शरण आले.

मग टाकी. आतले पेट्रोल आटून त्याचा डिंक झालेला, वास असा की डोळ्यांतून पाणी. टाकीत रॉकेल आणि मूठभर नट घालून खळखळवले, तेव्हा गंज सुटला. कार्बोरेटरच्या जेटची भोके बुजलेली, तारा उंदरांनी खाल्लेल्या, पॉइंट काळे पडलेले. क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील वाळून कडक झालेली. ती बदलली नाहीत तर इंजिन हवा ओढते आणि गाडी कधीच नीट चालत नाही, हे मिस्त्रीने मला तीनदा सांगितले. सायलेन्सरमधला काजळीचा थर खरवडायला एक दुपार गेली. टू-स्ट्रोक गाडी, तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे, लिटरला २० मिली, त्याहून कमी नाही.

एक गंमत सांगतो. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातले काही आपल्याच उसाचे. पण इथेनॉल पाणी ओढते आणि जुन्या रबराला मानवत नाही. तेव्हा पेट्रोलची नळी नवी घालावी आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी.

खर्च? गाडीच्या किमतीच्या दुप्पट दुरुस्तीला गेला. दूध वाहायला गाडी हवी असेल तर ह्या फंदात पडू नका, बरी चालती गाडी घ्या. मी हे फायद्यासाठी केले नाही. कशासाठी केले ते मला घरी नीट सांगता आले नाही.

मिस्त्रीकडे जाता-येता आकुर्डीचा तो जुना कारखाना दिसे. २००७ मध्ये तिथले उत्पादन थांबले होते. २००९ मध्ये तर कंपनीने स्कूटर बनवणेच सोडले. पण चेतकचे नाव पुन्हा आले आहे, विजेवरच्या गाडीला, आणि २०२२ मध्ये आकुर्डीतच तिचा नवा कारखाना उभा राहिला. त्या गाडीला ना किक, ना धूर.

आमचीला दोन्ही आहे. कागद पुरे झाल्यावर एका सकाळी मी ती म्हाळुंग्याला नेली. बाबा ओट्यावरच होते. गाडी दारात उभी केली, इंजिन चालू ठेवले. नातवंडे धुरामुळे खोकत पळाली. बाबांनी डोळे मिटून घेतले, मान एका बाजूला कलती केली आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"पॉइंटात जरा फरक हाय," ते म्हणाले. "मिस्त्रीला सांग."

मग काठी सुनेच्या हातात देऊन त्यांनी मागच्या सीटवर बसवायला सांगितले. आम्ही दोघे जुन्या रतिबाच्या वाटेने इंद्रायणीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने पॉइंट तपासले. फरक होता.