पोतराजाचा मान आणि जातीचा दाखला

"गावगाड्यात खालच्या जातींनाही मान होता," हे वाक्य मी समाजशास्त्र एम.ए.च्या वर्गात ऐकले आणि बुलडाणा जिल्ह्यात काम करताना पारावरही ऐकतो. पुरावा म्हणून हमखास पोतराज दाखवला जातो. कमरेला खणांचा घेर, पायात घुंगरू, हातात आसूड, सोबत मरीआईचा देव्हारा. तो दारात आला की बाया सुपात धान्य आणतात, पाया पडतात. मग हा मान नव्हे काय?

नव्हे! हा मान अंगात आलेल्या देवीला असतो, माणसाला नाही. देवी उतरली की तोच माणूस पुन्हा मांगवाड्यातला. नवसापोटी लहानपणी केस राखले, तेव्हा त्याला कुणी विचारलेही नव्हते. पूर्वी महारांच्या घरांतूनही मुले अशीच देवाला वाहिली जात. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये ते लिहून ठेवले आहे.

एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये संस्कृतीकरण मांडले. वरच्यांचे विधी उचलून खालची जात काही पिढ्यांत वर सरकते, असा त्याचा आशय. पोतराजाचे उलट आहे. तो आपला विधी जितका चोख करील, तितका जातीला घट्ट बांधला जातो. सवर्णाचा मुलगा स्नेहसंमेलनात पोतराज होतो, टाळ्या घेतो आणि घरी जाऊन कपडे बदलतो. पोतराजाच्या मुलाला कपडे बदलता येतात, जात नाही.

माझ्या कामातल्या अशाच एका घरातल्या मुलाने केस कापले, बारावी केली. पुढच्या शिक्षणासाठी जातीचा दाखला हवा. अनुसूचित जातीसाठी पुरावा मागतात १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा. आजोबांनी शाळा पाहिली नाही, आयुष्य गावोगाव फिरण्यात गेले. कागद आणायचा कुठून? देव्हारा कुणी वाहायचा, हे ठरवताना गावाने कधी कागद मागितला नाही. त्याला वर चढायचे म्हटल्यावर मात्र कागद लागतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. आपल्या घरांतून देव्हारे गेले, मुले शिकली. पण आज आपल्यातलेच काही जण मातंग वस्तीतल्या पोतराजाला पाहून हसतात. ही कुठली धम्मचळवळ? आसूड खाली ठेवल्यावर संध्याकाळची भाकर कुठून येणार, हा त्याचा प्रश्न खरा आहे. त्याला केस कापायला सांगणाऱ्याने त्याच्या मुलाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या पायऱ्याही झिजवल्या पाहिजेत.

जय भीम!