चौविहाराचं निमित्त



गेल्या चातुर्मासात माझ्या पुतणीनं चौविहार सुरू केला आणि मला कोण आनंद झाला! बोईसरहून रोज लोकलनं विरारला कॉलेजला जाणारी मुलगी. प्रॅक्टिकल संपवून यायला अंधार व्हायचा. आता सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून लवकरची डहाणू लोकल पकडायला लागली. उपाश्रयात मी चौघींना कौतुकानं सांगितलंसुद्धा.

महिन्याभरानं माझ्याबरोबर मूग निवडताना म्हणाली, "काकू, चौविहार नव्हताच गं तो. मला प्रॅक्टिकलला थांबायचं नव्हतं." सर शिकवायच्या निमित्तानं मागून येऊन हात धरायचे. रात्री मेसेज पाठवायचे.

घरातलं पहिलं वाक्य तुम्ही ओळखलंच असेल. "पर्युषण तोंडावर आलंय, मिच्छामि दुक्कडं म्हणायचं आणि सोडून द्यायचं." खरं सांगते, क्षणभर मलाही पटलं. लग्नाची मुलगी, समाज लहान. मग माझं मलाच खटकलं. क्षमा मागायला तर कुणी आलंच नव्हतं. आणि करायचीच तर ती तिनं करायची. तिच्या वतीनं परस्पर देऊन टाकणारे आपण कोण?

माझी भाची वकील आहे. तिनं सांगितलेलं लिहिते, कारण मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका, निदान निम्म्या बायका, बाहेरचं एक माणूस, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले 3 विद्यार्थी. विभागप्रमुखांना त्यात बसता येत नाही. हे ऐकून पुतणीला हायसं वाटलं, कारण सर त्यांच्याच मर्जीतले. मुलीचं नाव बाहेर फुटू द्यायचं नाही. सहल आणि इंटर्नशिपही यात येते. तारापूर एमआयडीसीत ट्रेनिंगला मुली पाठवणाऱ्या आयांनो, हे लक्षात ठेवा.

तक्रार 3 महिन्यांत द्यायची, सबळ कारण असेल तर आणखी 3 मिळू शकतात. आपला चातुर्मास 4 महिन्यांचा! "चातुर्मास होऊ दे, मग बघू" म्हणता म्हणता मुदत निघून जाते. समेट करायचा तर तो मुलीनं मागायचा, आणि पैशांवर मुळीच नाही.

हे आयतं मिळालेलं नाही. 1997 च्या विशाखा निकालानंतरही संस्था हलत नव्हत्या. पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांच्या पत्रालाच सर्वोच्च न्यायालयानं याचिका मानलं, 2012 मध्ये निकाल दिला. पुढच्या वर्षी कायदा झाला. मी तेव्हा काय करत होते? पापड लाटत असेन.

संवत्सरीच्या आधीच आम्ही तक्रार दिली. बोर्डावरच्या यादीतल्या एक बाई केव्हाच निवृत्त झाल्या होत्या, त्यामुळे दोन फेऱ्या फुकट गेल्या. 90 दिवसांची चौकशी लांबली. पण सरांना तिच्या प्रॅक्टिकलपासून आणि गुणांपासून लगेच दूर केलं. शेवटचा निर्णय माझ्या मते सौम्यच होता. तिला तेवढा पुरला.

संवत्सरीला तिनं घरातल्या सगळ्यांना खमावलं. सरांचं नाव घेतलं नाही. सासूबाईंनीही विचारलं नाही.

चौविहार मात्र तिनं पुढे खरंच धरला. डब्यात मी जास्तीचे खाकरे देते. प्रॅक्टिकल पुरं करून, दिवस मावळायच्या आत, विरारच्या फलाटावर बसून ती खाते.