शेजपाळी आणि सर्व्हर

संगणकाच्या सर्व्हरविषयी लिहिण्याचा आम्हांला काडीचाही अधिकार नाही. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. ओवी आणि अभंग, नवकथा आणि नवकाव्य शिकवता शिकवता चाळिशी ओलांडली, आणि घरातला संगणक आम्हांला टंकलेखन यंत्राचा जरा जास्त शिकलेला धाकटा भाऊ एवढाच वाटत आला. तरीही हे टिपण लिहीत आहोत, कारण २०२२ च्या उन्हाळ्यात लासुर्ण्यातल्या आमच्या घरी एका रात्री आमच्या हातून एक अपराध घडला, आणि तो अपराध होता हे कळायला आम्हांला दिवाळी उजाडावी लागली.

आमची एक विद्यार्थिनी एका प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरायला आमच्याकडे आली होती. अखेरचा दिवस, रात्रीचे दहा वाजून गेलेले. तिची आई उसात खुरपणीला जाते. परीक्षेचे साडेसहाशे रुपये तिच्याच बँक खात्यातून जायचे होते. अर्ज भरून झाला. पैसे भरण्याचे बटण दाबले आणि पडद्यावर ते गोल फिरणारे चक्र सुरू झाले. मिनिटभराने ओळ उमटली : ‘वेळ संपली. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ आम्ही आज्ञाधारक माणसे. पुन्हा प्रयत्न केला. मग पुन्हा. शेवटी शेवटी तर चक्र पुरते फिरायच्या आतच आम्ही पान ताजे करू लागलो. सव्वाअकराच्या सुमारास अर्ज स्वीकारला गेल्याची पावती आली आणि आम्ही तिघांनी चहा घेतला. सकाळी कळले, की पैसे तीनदा कापले गेले आहेत. एक हजार नऊशे पन्नास. तिच्या आईच्या खात्यात त्यानंतर उरलेली रक्कम येथे लिहिण्याजोगी नाही.

आमचा सारा राग अर्थातच त्या अदृश्य यंत्रणेवर होता. शिक्षकाला राग ठेवायला जागा लागते, आणि सर्व्हर ही फार सोयीची जागा आहे.

दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. पुण्यात हिंजवडीला एका कंपनीत तो विदागारांचे काम पाहतो. विदागार, म्हणजे तो ज्याला डेटाबेस म्हणतो ते. त्याचे वडील अनेक वर्षे नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. आम्ही आमची कैफियत मांडली. तो ऐकून घेत होता, पण चेहऱ्यावर सहानुभूती मात्र नेमकी ज्या बाजूला हवी त्या बाजूला दिसेना.

‘‘किती वेळा दाबलं, मॅडम?’’

‘‘चाळीसएक वेळा असेल.’’

‘‘म्हणजे चाळीस माणसं उभी केली तुम्ही रांगेत. आणि त्यातली एकोणचाळीस निघून गेलेली.’’

हे वाक्य आम्हांला कळले नाही. मग त्याने जे समजावून सांगितले ते त्याच्या वडिलांच्या कालव्याच्या भाषेत, आणि म्हणूनच ते आमच्या डोक्यात शिरले.

सर्व्हरकडे येणारी प्रत्येक विनंती आधी एका रांगेत उभी राहते. समजा, सर्व्हर सेकंदाला शंभर विनंत्या निकालात काढतो आणि रांगेत हजार जणांना जागा आहे. रांग भरली, की शेवटच्याला दहा सेकंद थांबावे लागणार, हा तिसरीतला हिशेब. पण विचारणारा जर पाचच सेकंद वाट पाहून निघून जाणार असेल तर? रांगेला त्याचा पत्ता नसतो. त्याची विनंती तिथेच उभी राहते, यथाकाल तिची पाळी येते, सर्व्हर इमानेइतबारे तिचे उत्तर काढतो, आणि ते घ्यायला दारात कोणीही नसते. भरलेल्या रांगेत येणारा प्रत्येक जण असाच दहा सेकंदांच्या मागे उभा राहतो. म्हणजे यंत्र क्षणभरही रिकामे नाही, घामाघूम होऊन राबते आहे, आणि एकाचेही काम झालेले नाही. त्यात निघून गेलेला माणूस मुकाट घरी जात नाही. तो पुन्हा रांगेच्या शेपटाला येऊन उभा राहतो. आम्ही राहिलो तसा. आणि आधीच्या विनंतीचे काम मागाहून पुरे झालेच, तर पैसे दुसऱ्यांदा कापले जातात. विनंतीला ओळखक्रमांक देऊन ‘ही तीच, नवी नव्हे’ हे यंत्राला ओळखता येते, तसे ते ठेवायलाच हवे, हे त्याने मान्य केले. तेवढ्यापुरता आमचा राग रास्त ठरला.

‘‘मग रांग मोठी करायची!’’ आम्ही म्हटले. ‘‘हजारांऐवजी पाच हजारांना उभे राहू द्या.’’

तो हसला. त्यानेही पहिल्यांदा हेच केले होते म्हणे. एका सणाच्या विक्रीच्या वेळी त्याच्या हाताखालची यंत्रे कोलमडू लागली, तेव्हा त्याने रांग पाच हजारांची केली. तक्रारी वाढल्या. मग विनंत्या उपसणाऱ्या कामकऱ्यांची संख्या दुप्पट केली. ते सारे एकाच चकतीवर तुटून पडले आणि प्रत्येकाचे काम आणखी मंदावले. ‘‘अण्णा म्हणायचे, चारीचं दार रुंद केलं म्हणून कालव्यात पाणी वाढत नसतं.’’ शेवटी त्याने उलटे केले. रांग तीनशेची केली. तीनशे एकाव्याला यंत्र तत्क्षणी ‘नाही’ म्हणू लागले, आणि नकार मिळालेल्याने पुन्हा केव्हा यायचे तेही ठरवून दिले : आधी एका सेकंदाने, मग दोन, मग चार, आणि त्यातही थोडे मागेपुढे, म्हणजे सारे एकाच क्षणी दारावर येऊन आदळू नयेत. यंत्र तेच, गर्दी तीच. पण आत घेतलेल्या प्रत्येकाचे काम तीन सेकंदांत होऊ लागले.

या विद्येला शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, हे आम्ही नंतर वाचले. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एर्लांग या गणितज्ञाने १९०९ साली दूरध्वनीच्या गर्दीवर पहिला निबंध लिहिला. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये एक साधा नियम सिद्ध केला : आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा काळ. पण आम्हांला सर्वांत अस्वस्थ केले ते प्रतीक्षेच्या गणिताने. गिऱ्हाईके यदृच्छया येत असतील, तर यंत्र निम्मा वेळ गुंतलेले असताना काम दुप्पट वेळात होते. ऐंशी टक्के गुंतले तर पाचपट, नव्वद टक्क्यांना दहापट, पंच्याण्णवला वीसपट. थोडे रिकामे राहणे हा आळस नसून सेवेची अट आहे, हे आमच्या तासिकांचे वेळापत्रक आखणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवे. असो.

पसरलेल्या विदागाराची गोष्ट आणखी निराळी. तिथे विदा एका यंत्रात मावत नाही, अनेकांत वाटून ठेवावी लागते. ती आडनावाच्या आद्याक्षराने वाटली तर काय होईल? आमच्या भागात ‘प’चे यंत्र पाटील-पवारांखाली चिरडेल आणि ‘ढ’चे माशा मारीत बसेल! म्हणून अक्षरांची सरमिसळ करून वाटतात. तरीही एका प्रश्नाचे उत्तर अनेक यंत्रांकडून गोळा करायचे असेल, तर सर्वांत संथ यंत्र येईतो बाकीच्यांचा वेग फुकट. गूगलमधल्या जेफ्री डीन आणि लुईस बारोसो यांनी २०१३ मध्ये हे आकड्यांत मांडले : प्रत्येक यंत्र शंभरात एकदाच रेंगाळत असेल आणि एका प्रश्नासाठी शंभर यंत्रांना विचारावे लागत असेल, तर शंभरातले त्रेसष्ट प्रश्न रेंगाळतात. सरासरीवर समाधान मानायचे नाही, टेलकडे पाहायचे. इंग्रजीत ते या शेपटीला टेलच म्हणतात, आणि इंदापूर तालुक्यात टेल म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नाही.

नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात, भाटघरच्या पाण्यावर निघाला. पुरंदर, बारामती असे करीत तो आमच्याकडे येतो. म्हणजे आम्ही शेपटाकडचे. विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याच कालव्यावर ब्लॉकची पद्धत आणली. वरच्या अंगाच्या उसाने सारे पाणी पिऊन टाकू नये, ते अधिक गावांना पोचावे, म्हणून पाण्याचे गट बांधून दिले. आमचा विद्यार्थीही तेच करतो : मोठे अहवाल मागणाऱ्या विनंत्या म्हणजे ऊस, एका ओळीचे उत्तर मागणाऱ्या म्हणजे ज्वारी, दोघींची रांग वेगळी, म्हणजे ज्वारी उसामागे वाळत नाही. आणि चारीवरची शेजपाळी तर टेलकडून सुरू होते. शेवटच्या शेताला आधी, मग शेजाऱ्याला, असे पाणी वर सरकत येते. नमुना सातवर मागणी नोंदवायची आणि पाळी आली की, रात्रीचे दोन असोत, दारे धरायला जायचे.

येथे आमच्या दोघांत एक वाद झाला आणि तो मिटलेला नाही. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये लिहिले होते, की गर्दी अनावर झाली की त्यांची यंत्रे शेवटी आलेल्याला आधी घेतात. कारण सर्वांत जुना विचारणारा बहुधा निघून गेलेला असतो, नुकताच आलेला अजून दारात उभा असतो. आमच्यातल्या एकाला यात शेजपाळीचेच शहाणपण दिसते. दुसरीचे म्हणणे, की हे साम्य फसवे आहे. शेजपाळीत टेलला आधी पाणी मिळते ते त्याला एरवी कधीच मिळणार नाही म्हणून. यंत्र शेवटच्याला घेते ते त्याचे काम हमखास पदरात पडेल म्हणून. एक दुबळ्याची बाजू घेते, दुसरे आपल्या हिशेबाची. आणि ‘नाही’ तत्काळ सांगावे हे यंत्राला शोभते. पण रात्री दोनला दाराशी कंदील घेऊन बसलेला माणूस पाच सेकंदांनी निघून जात नसतो. हे विद्यार्थ्याला विचारले, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘अण्णांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही, सर. ‘बघू, येईल पाणी’ म्हणायचे. लोक रात्र रात्र बसायचे चारीवर. पाणी यायचं नाही.’’

त्यावर आम्हांला बोलता आले नाही, कारण ‘बघू’ हा आमच्याही व्यवसायाचा शब्द आहे. शिफारसपत्र मागणाऱ्याला, प्रबंधाचे प्रकरण वाचायला देऊन गेलेल्याला आम्ही वर्षानुवर्षे रांगेत उभे ठेवले आहे, आणि तो चांगुलपणा समजलो आहोत.

त्या मुलीला आम्ही जादा कापले गेलेले तेराशे रुपये दुसऱ्याच दिवशी दिले होते. तिची आई घेत नव्हती. उसने म्हणून घेतले. साडेतीन महिन्यांनी बँकेत पैसे परत जमा झाले आणि मुलगी ते घेऊन आली. आम्ही म्हटले, राहू दे. तिने ऐकले नाही. जाताना तिने विचारले, की पुढच्या अर्जाची मुदत तीस तारखेपर्यंत आहे, तर वीस तारखेलाच सकाळी आले तर चालेल का.